अकरा मजल्यांची काठी

धनपाल चौगुले नगरपरिषदेत शिरला तो पेढ्यांचा पुडा घेऊनच. सुकुमार मगदूम यांना वाटलं, नातू झाला असेल.

"नातू न्हवं, परवानगी," खुर्ची ओढत धनपाल म्हणाला. "काल संध्याकाळी नकाशे टाकले, आज सकाळी दात घासून होईतोवर मंजूर. अकरा मजले. तुझ्याकडं फाईल असती तर खरंच नातवाच्या लग्नापर्यंत लटकली असती."

"पेढा चांगलाय," सुकुमार म्हणाले. दुसरं काय म्हणावं ते त्यांना सुचलं नाही. शाळेपासून हे असंच चाललं होतं. धनपाल बोलायचा, आणि त्याला द्यायचं उत्तर सुकुमारांना घरी गेल्यावर सुचायचं.

सुकुमार हे आरेखिंड नगरपरिषदेचे नगररचनाकार. गावातली जवळजवळ प्रत्येक नवी भिंत आधी कागदावर त्यांच्या डोळ्यांखालून गेलेली. पण गेल्या वर्षी राज्य सरकारने बांधकाम परवानगीचा कायदा बदलला आणि नकाशे तपासण्याचं काम 'अनुज्ञा' नावाच्या यंत्रणेकडे गेलं. आता परवानगी दिली गेल्यावर तिची प्रत त्यांच्या पडद्यावर यायची, तीही निव्वळ माहितीसाठी.

अनुज्ञा वाईट नव्हती. सुकुमार हे मनातल्या मनात मान्य करत, आणि म्हणूनच त्यांना ती जास्त जड जाई. राज्यातल्या प्रत्येक भूखंडाची तिने आकड्यांमध्ये हुबेहूब प्रतिकृती केली होती. खालचे मातीचे थर, पाण्याची पातळी, उपग्रहाने टिपलेले चढउतार, सगळं तिच्यात होतं. कुणी नकाशा दिला की ती त्या प्रतिकृतीवर इमारत उभी करी आणि मग तिचे हाल हाल करी. हजार वेळा भूकंपाने हलवी, हजार वेळा आग लावी, ढगफुटीत बुडवून काढी. एवढं सोसून जी इमारत उभी राही तिला परवानगी. ना वशिला, ना हेलपाटे. आपण आयुष्यभर जे केलं ते या यंत्राने एका सकाळीत आणि बहुधा आपल्यापेक्षा बरं केलं, या विचाराने सुकुमार कधीकधी जेवताना मधेच थांबत.

"जागा कुठली?" त्यांनी विचारलं.

"खिंडीच्या तोंडावरची. आमच्या थोरल्या काकांची."

सुकुमारांच्या हातातला पेढा हातातच राहिला. "आणि काठी कधी लावणार?"

धनपाल मोठ्याने हसला. "अकरा मजल्यांची काठी? एवढा बांबू कुठल्या बेटात उगवतोय ते सांग, आणतो."

*

आरेखिंडीत घर, गोठा, शेड, काहीही उभं करायचं झालं तरी आधी काठी लावायची रीत होती. जागेच्या चार कोपऱ्यांवर, बांधकाम जेवढं उंच होणार तेवढे बांबू रोवायचे आणि वर जुन्या लुगड्याच्या पट्ट्या बांधायच्या. आठवडाभर त्या फडफडत राहत. ज्याचा वारा अडणार असेल तो येऊन ओट्यावर बसे, चहा पिई आणि 'दोन हात मागं घ्या की' म्हणे. भांडणं होत, पण पाया खणायच्या आधी होत. नगरपरिषदेतही काठी उतरल्याशिवाय फाईल उघडत नसत. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, म्हणून अनुज्ञेला तो कुणी सांगितलाही नव्हता.

गावाला वाऱ्याची एवढी काळजी होती, कारण गाव वाऱ्यावर जगत होतं. पश्चिमेच्या डोंगररांगेत एक खिंड होती आणि उन्हाळा लागता लागता त्या खिंडीतून कोरडा वारा सुटे. त्याच्या वाटेवर बेदाणा वाळवण्याची साडेतीनशे शेड होती. द्राक्षं औषधाच्या पाण्यात बुडवून जाळ्यांवर एकावर एक थरांत पसरायची आणि वाऱ्यावर सोडून द्यायची. द्राक्षातलं पाणी बाहेर येतं तेव्हा मण्याभोवती ओलसर हवेचा पातळ पदर तयार होतो. वारा असला की तो पदर पुसला जातो आणि आतलं पाणी बाहेर येत राहतं. वारा थांबला की मणी स्वतःच्याच वाफेत बसतो. मग हिरवा-सोनेरी बेदाणा होण्याऐवजी तो काळवंडतो, बुरशी धरतो. आरेखिंडीचा बेदाणा पंधरवड्यात वाळायचा, आणि त्या रंगावरच त्याचा भाव ठरायचा.

वाहत्या ओढ्यात मोठा धोंडा असला की त्याच्या मागे पाणी संथ होतं. उंच इमारतीमागे वाऱ्याचंही तेच होतं. तिच्या उंचीच्या दहा-पंधरा पटींपर्यंत वारा मंदावतो. सावली उन्हाबरोबर सरकते तरी. वाऱ्याची ही सावली सरकत नाही.

*

सर्वसाधारण सभेत नगराध्यक्षा हौसाताई शिंगटे यांनी विषय मांडला तेव्हा मागच्या बाकावरून मोर्चाची भाषा सुरू झाली.

"मोर्चा कुणावर न्यायचा?" हौसाताईंनी विचारलं. "धनपालवर? त्याच्याकडं परवानगी हाय. कॉम्प्युटरवर न्यायचा असंल तर मला त्याचं घर दाखवा. कायदा झाला तवाच आपण ठराव करून मुंबईला पाठवलावता. उत्तर काय आलं, मगदूम साहेब?"

सुकुमार उठले. सभेत बोलताना त्यांचा आवाज खाली जाई. "अनुज्ञा स्थानिक दबावापासून मुक्त आहे, हेच तिचं बळ आहे, असं."

"म्हंजे आपण दबाव," हौसाताई म्हणाल्या. "बसा. न्हाय, बसू नका. उपाय काय ते सांगा."

उपाय एकच होता. नगरपरिषदेला हरकत घेता येत होती, पण ती मोजता येईल अशा पुराव्यानिशी. आणि दोन हरकती फेटाळल्या गेल्या तर त्या नगरपरिषदेचा हरकतीचा अधिकार पाच वर्षं गोठणार होता.

सुकुमारांनी आठवडाभर खपून हरकत लिहिली. हवामान खात्याचे आकडे जोडले, वाऱ्याचे तक्ते जोडले, बेदाण्याच्या आर्द्रतेचे आलेख काढले. रात्री झोपताना त्यांना आपण काहीतरी विसरलोय असं वाटायचं आणि सकाळी ते पुन्हा सगळं तपासायचे. शेवटी त्यांनी ती पाठवली. चहा येईतोवर निकाल आला. बाधित शेजारी: शून्य. हरकत फेटाळली.

साडेतीनशे शेड, आणि शून्य शेजारी. त्यांनी मुलीला फोन लावला.

चेलना पुण्यात अनुज्ञेच्याच कार्यालयात होती. या विषयावर दोघांनी वर्षभर बोलणं टाळलं होतं. दर रविवारी फोनवर हवापाणी, आईचे गुडघे आणि मांजर, एवढ्यावर भागत होतं.

"आण्णा, शेजारी कोण हे ठरवणारा भाग मी लिहिलाय," सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली. "तीनशे मीटरच्या आत ज्याचं नोंदलेलं बांधकाम आहे तो शेजारी."

"मग आमची शेड?"

पलीकडे थोडा वेळ कळफलकाचा आवाज आला. "तुमच्याकडे एकही शेड नाही. नकाशावर मोकळी जमीन आहे. एक मिनिट." आणि मग ती हसू दाबत म्हणाली, "आण्णा, तुमच्या नगरपरिषदेने सगळ्यांची नोंद 'मांडव' म्हणून केलीय. तात्पुरता मांडव. साडेतीनशे लग्नं चाललीत वाटतं गावात."

सुकुमारांच्या लक्षात आलं. शेडला बांधकाम म्हटलं की घरपट्टी लागते. मांडवाला लागत नाही. सुकुमार नोकरीला लागायच्याही आधीपासून गाव शेडला मांडव म्हणत आलं होतं आणि नगरपरिषद मान डोलवत आली होती. सिमेंटचे खांब, लोखंडी रॅक, वर पत्रा, तरी मांडव. त्यात कुणाला काही वावगंही वाटत नव्हतं.

"आणि तीनशे मीटरच का?" त्यांनी विचारलं. "वारा त्याच्या पुढंही अडतो."

"कुठेतरी रेघ मारावी लागते, आण्णा. तुमच्या ऑफिसात रेघच नव्हती. माणसं स्वतःच्या घराच्या परवानगीसाठी वर्ष वर्ष फिरायची. मी लहानपणी बघितलीत ती आपल्या दारात बसलेली. म्हणून मी हे काम घेतलं."

सुकुमार म्हणाले, "ती माणसं माझ्याही लक्षात आहेत. पण चेलू, ती फाईलसाठी बसायची तेव्हा एकमेकांशी बोलायचीसुद्धा. तुझ्या यंत्रात कुणी कुणाशी बोलत नाही."

तिने हळू आवाजात सांगितलं, "सीलबंद वातमापक मिळतात. त्यांचे आकडे थेट अनुज्ञेत जातात, मधे कुणाचा हात नसतो. ते ती पुरावा म्हणून मानते. पण मोजायला अडथळा प्रत्यक्षात उभा असावा लागतो. इमारत बांधून झाल्यावर मोजून उपयोग काय?"

"बांधायच्या आधीच उभा करता येतो," सुकुमार म्हणाले, आणि आपल्याच तोंडून हे आलं याचं त्यांना नवल वाटलं.

*

पहिलं काम शेडच्या नोंदीचं. कुणी पुढे येईना. बाजारात एकच सूर होता: वारा जाईल तेव्हा जाईल, पट्टी मात्र आजपासून.

हौसाताईंनी आपल्या शेडपुढेच खुर्ची टाकली. "माझं मोजा आधी, मगदूम साहेब. रॅक किती, पत्रा किती, सगळं. माझ्या सासऱ्यांनी मांडव घातला त्याला चाळीस वर्षं झाली. अजून नवरदेव आला न्हाय. आता त्याला घर म्हणू."

जमलेली माणसं हसली. हसल्यावर माणसाला नाही म्हणणं अवघड जातं. संध्याकाळपर्यंत त्या गल्लीतली शेड नोंदून झाली आणि आठवड्यात सगळी.

धनपालकडे जाणं त्याहून अवघड होतं. सुकुमार त्याच्या पेढीवर जाऊन बसले.

"बोल की," धनपाल म्हणाला. "पेढे संपले, आता चहाच हाय."

"तुझ्या जागेवर काठी लावायची आहे. पूर्ण उंचीची. आम्ही लावतो, तू फक्त जागा दे."

"माझ्याच जागेत माझ्याच विरुद्ध?"

"विरुद्ध नव्हे. वारा अडला नाही तर तुझी बाजू खरी."

धनपालने बाहेर बघितलं. तो स्वतः बेदाण्याचा व्यापारी. गेल्या काही सौद्यांत शेतकरी त्याच्याकडे माल दाखवायला येईनासे झाले होते. कुणी भांडत नव्हतं. नुसते बाजूच्या पेढीवर जात होते.

"बाजारात म्हणायला लागलेत, धनपाल काठीला भितो," तो म्हणाला. "लाव. पण ऐक. वारा थांबला न्हाय तर तुझी नगरपरिषद पाच वर्षं गप्प, आणि तू माझ्या वास्तूच्या पंगतीत वाढपी. धोतर नेसून."

"नेसतो," सुकुमार म्हणाले.

*

एवढा बांबू कुठल्याच बेटात उगवत नव्हता. पण पठारावर पवनचक्क्या होत्या आणि त्यांची पाती बदलणाऱ्या उंच क्रेन तालुक्यातच उभ्या असायच्या. हौसाताईंनी चार मिळवल्या. शेडच्या बाजूंना लावतात ती हिरवी जाळी घराघरांतून आली, काही नवी, काही ठिगळांची. बायकांनी ती देवळाच्या पटांगणात बसून दुहेरी-तिहेरी शिवली. भिंतीइतकी नाही तरी भिंतीच्या जवळपास वारा अडवेल एवढी दाट व्हायला हवी, असं चेलनाने सांगितलं होतं. दोऱ्या ताणायला गावातलेच मांडववाले आले. आयुष्यात पहिल्यांदाच आम्हाला खरा मांडव घालायला बोलावलं, असं त्यांचा म्हातारा म्हणाला.

चेलना सुट्टी टाकून आली. प्रत्येक गल्लीत, पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत, वातमापक बसवले जाताना तिने बघितले, पण एकालाही हात लावला नाही. "माझा हात नको," एवढंच ती म्हणाली. आईने केलेला डबा घेऊन ती वडिलांशेजारी दगडावर बसली.

जाळी चढायला लागली. पहिल्या मजल्याएवढी, चौथ्या, सातव्या. दोऱ्या करकरत होत्या. अकराव्या मजल्याच्या उंचीला ती पोचली आणि वाऱ्याने तिचं पोट फुगवलं, तेव्हा गाव मान वर करून बघत राहिलं. अनेकांना धनपालची इमारत त्या क्षणी पहिल्यांदा दिसली. कागदावर ती कुणाला दिसली नव्हती.

सुकुमार मात्र हातातल्या पडद्याकडे बघत होते. पहिल्या रांगेचे आकडे आले. वारा कमी झाला नव्हता. वाढला होता.

धनपालने खांद्यावरून वाकून बघितलं. "सुक्या, धोतर घरात हाय का विकत आणायचं?"

सुकुमारांनी माळावर जमलेल्या गावाकडे बघितलं. सगळं गाव आपण या माळावर आणलं. नोंदी करायला लावल्या, पट्टी मागे लावली. पाच वर्षं कुणाला तोंड उघडता येणार नाही, आणि ते कुणामुळे, तर ज्याला सभेत नीट बोलताही येत नाही अशा माणसामुळे. चेलनाने खरंच ते यंत्र बरोबर लिहिलं असेल. तिने बरोबरच लिहिलं असणार.

"आण्णा," चेलनाने त्यांचा हात धरला, "हे कडेचे आहेत. पहिल्या रांगेच्या दोन्ही टोकांचे. ओढ्यातल्या धोंड्याच्या बाजूने पाणी कसं जातं?"

"जोरात," ते म्हणाले. "मागं संथ, पण बाजूनं जोरात."

"मग मधले येऊ द्या."

मधले आले. दुसरी रांग, पाचवी, नववी. वारा निम्म्यावर आला, मग निम्म्याच्याही खाली. तीनशे मीटरच्या रेघेपलीकडे, जिथे अनुज्ञेच्या लेखी शेजारी संपत होता, तिथेही आकडे पडतच राहिले. शेडमधून आवाज यायला लागले, कारण आकड्यांच्या आधी माणसांनाच ते कळलं होतं.

"पंखा बंद केल्यागत झालं," हौसाताई आपल्या शेडच्या दारातून म्हणाल्या. त्यांनी शेडमधल्या रॅकवरचा एक मणी उचलून बोटांत दाबला आणि माळावर येऊन धनपालपुढे धरला. "बघ, कसा चिकट लागतोय. दोन तासांत. तू घेशील का असला माल?"

धनपालने तो मणी घेतला. व्यापाऱ्याच्या सवयीने उजेडात धरून बघितला, वास घेतला, तोंडात टाकला. बराच वेळ तो चावत राहिला.

"न्हाय घेणार," तो म्हणाला.

*

दुसरी हरकत नगरपरिषदेने पाठवली ती फार मोठी नव्हती. नोंदलेली शेड आणि मोजलेला वारा, एवढंच. या वेळी चहा आला, निवला, दुसरा आला. अनुज्ञा विचार करत होती. साडेतीनशे शेड तिच्या प्रतिकृतीत पहिल्यांदाच उभी राहिली होती आणि इमारतीबरोबर ती आता त्यांनाही वाऱ्यात धरत होती.

निकाल दुपारी आला. परवानगी मागे घेतली होती. खाली, कुणी न मागता, यंत्राने आणखी एक गोष्ट जोडली होती. त्याच जागेवर दोन अरुंद इमारती, सहा सहा मजल्यांच्या, वाऱ्याकडे निमुळती बाजू करून, मधे मोकळी गल्ली. अशा बांधल्या तर गल्लीतून वारा उलट जास्तच वेगाने जाईल आणि मधल्या रांगांतला बेदाणा आजच्यापेक्षा लवकर वाळेल.

नगरपरिषदेच्या आवारात हलगी वाजली. गुलालही कुणीतरी आणलाच होता. हौसाताईंनी सुकुमारांना पायरीवर ओढून उभं केलं आणि दोन शब्द बोला म्हणाल्या. ते खरोखरच दोन शब्द बोलले, आणि तेही हलगीत कुणाला ऐकू आले नाहीत. धनपालने त्यांना गुलाल फासला.

"बारा मजले झाले," तो कानाशी ओरडून म्हणाला. "मागितले अकरा, दिले बारा. माणसानं तक्रार कशाची करायची?"

चेलना पुण्याला गेली ती नवं काम घेऊनच. आरेखिंडीचे आकडे बघून आणखी कितीतरी नगरपरिषदांनी आपापले शेजारी मोजायला घेतले होते. कुणाचं ऊन अडत होतं, कुणाच्या विहिरीचा झरा, कुणाच्या मच्छीच्या वाळवणाची जागा. मुंबईला पत्रं जाऊ लागली आणि या वेळी त्यांत आकडे होते. पावसाळी अधिवेशनात कायद्याला दुरुस्ती झाली. यंत्र राहिलं, भूकंपही तेच करणार होतं आणि आगीही तेच लावणार होतं. पण परवानगी देण्याआधी अनुज्ञेने गावाला विचारायचं आणि गावाचं उत्तर येईपर्यंत थांबायचं, असं ठरलं. शेजारी म्हणजे कोण, ती व्याख्याही बदलली. ती चेलनानेच नव्याने लिहिली आणि रविवारच्या फोनवर वडिलांना वाचून दाखवली. त्या दिवशी मांजराचा विषय निघालाच नाही.

दुरुस्ती लागू झाली त्या सकाळी सुकुमार कार्यालयात आले तेव्हा पडद्यावर एक नकाशा वाट बघत होता. वरच्या आळीत कुणीतरी घरावर माडी चढवणार होतं. नकाशाखाली अनुज्ञेची एक ओळ होती.

या माडीबद्दल आजूबाजूच्या लोकांचं काय म्हणणं आहे?

सुकुमारांनी चष्मा पुसला. उत्तर त्यांना लगेच सुचलं.

'विचारून सांगतो,' त्यांनी लिहिलं.

'थांबते,' पडद्यावर आलं.

त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि ते वरच्या आळीकडे निघाले.